गिऱ्हाईक नेमके कोणत्या पायरीवरून परतते?

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चप्पल तयार होते. सासरे आणि दीर कातडे कापून तळ बांधतात; वेणी विणणे आणि शिलाई सासूबाई व मी पाहतो. आजवर सगळा माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे जात असे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. ते मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आहे. त्याला गूगल ॲनालिटिक्स हे भेटी मोजणारे साधन जोडलेले आहे, पण त्यातले काय पाहावे हे कळत नाही. गेल्या महिन्यात २,४०० जण आले, १,५०० जणांनी एखादी तरी चप्पल उघडून पाहिली, १३० जणांनी ती कार्टमध्ये टाकली, ९० जणांनी चेकआउट (पत्ता आणि पैसे भरण्याची प्रक्रिया) सुरू केले आणि १२ जणांनी खरेदी केली. ‘एंगेजमेंट रेट’ मात्र ६२ टक्के दिसतो. म्हणजे लोकांना संकेतस्थळ आवडते, असेच ना? २०२५ च्या जून-जुलैत येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली होती, पण विक्री वाढली नाही आणि पुढे ती संख्याही उतरली. पुण्याच्या एका जाहिरात संस्थेने सवलतीचा पॉप-अप, उलटी मोजणी करणारे घड्याळ आणि दुप्पट जाहिरात असा उपाय सुचवला आहे. घरातले म्हणतात, हा खटाटोप बंद करून पुन्हा व्यापाऱ्यालाच माल द्यावा. मी काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपण संकेतस्थळ बंद करू नये असे मला ठामपणे वाटते, आणि जाहिरातीवरचा खर्चही तूर्त वाढवू नये. दोन्ही मतांमागचे कारण एकच आहे आणि ते आपण स्वतःच पत्रात लिहून पाठवले आहे. ९० जणांनी चेकआउट सुरू केले आणि त्यांपैकी केवळ १२ जणांची खरेदी पूर्ण झाली. मधले ७८ जण चप्पल पसंत करून, नंबर निवडून, पैसे देण्याच्या तयारीने आले होते आणि अखेरच्या दोन-तीन पायऱ्यांवर कुठेतरी परतले. दुकानात स्टुलावर बसून जोड पायात घालून पाहिलेले, ‘बांधून द्या’ म्हणालेले गिऱ्हाईक पैसे न देता निघून गेले, तर आपण दारावरची पाटी रंगवायला घेत नाही. गल्ल्यापाशी काय बिनसले ते आधी पाहतो.

हिशेब करून पाहा. या ७८ जणांपैकी आणखी १२ जणांनी जरी खरेदी पुरी केली, तरी आपली विक्री दुप्पट होते. तीच दुप्पट विक्री जाहिरातीतून साधायची, तर आजच्यासारखेच आणखी २,४०० लोक दर महिन्याला पैसे मोजून आणावे लागतील आणि जाहिरात थांबली की तेही थांबतील. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी अशी आहे की, कार्टमध्ये वस्तू टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक ती न घेता जातात. आपल्याकडे १३० पैकी ११८, म्हणजे सुमारे ९१ टक्के लोक गेले. त्या पाहण्या मुख्यतः पाश्चात्त्य बाजारपेठेतल्या असल्यामुळे ती सरासरी आपल्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरीही एवढा फरक दिसतो तेव्हा दोष चपलेत नसून वाटेत असावा, हा संशय घ्यायला जागा आहे.

परंतु त्या वाटेवर जाण्यापूर्वी १२ हा आकडा खरा आहे का, ते तपासावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्या भागात बहुतेकांची खरेदी मोबाइलवरून होते आणि तिथे मोजणी चुकण्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत. पहिली जागा यूपीआयची. ॲनालिटिक्समध्ये खरेदीची नोंद सामान्यतः ‘आपली ऑर्डर मिळाली’ हे पान उघडल्यावर होते. गिऱ्हाईक पैसे भरण्यासाठी यूपीआयच्या ॲपमध्ये गेले, पैसे पोहोचले आणि तिथूनच त्याने मोबाइल बंद केला, तर ते शेवटचे पान उघडतच नाही. पैसे आपल्या खात्यात येतात, पण ॲनालिटिक्सच्या लेखी ते गिऱ्हाईक परत गेलेले असते. म्हणून महिन्याअखेरीस पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) उतारा, आपली ऑर्डरवही आणि ॲनालिटिक्सचा आकडा हे तिन्ही शेजारी ठेवून जुळवावेत. दोन-चार टक्क्यांचा फरक राहणारच. तो फार मोठा असेल, तर संकेतस्थळ बांधून देणाऱ्याला खरेदीची नोंद गिऱ्हाइकाच्या मोबाइलऐवजी संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून पाठवण्याची सोय करायला सांगावे.

दुसरी जागा व्हॉट्सॲपची. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या टापूतले किती तरी लोक संकेतस्थळावर चप्पल पाहतात, तिचा स्क्रीनशॉट काढतात आणि दुकानाच्या नंबरावर पाठवून ‘ही आठ नंबरमध्ये आहे का?’ असे विचारतात. ती विक्री संकेतस्थळानेच केलेली असते, पण तिची नोंद कुठेच होत नाही. घरच्यांचे मत संकेतस्थळाविरुद्ध का झाले असावे, याचेही उत्तर मला इथे दिसते. ॲनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीत बाहेरच्या दुव्यांवरचे क्लिक आपोआप मोजण्याची सोय आहे आणि व्हॉट्सॲपचा दुवा त्यात येतो. फोन लावण्याचे बटण मात्र त्यात येत नाही, त्याची नोंद वेगळी बसवावी लागते. त्याहून सोपा आणि अधिक उपयोगी उपाय असा की, प्रत्येक चपलेच्या पानावरच्या व्हॉट्सॲप बटणात मजकूर आधीच भरून ठेवावा. गिऱ्हाइकाने बटण दाबले की ‘मला कापशी प्रकारची, पुरुषांची, तपकिरी रंगातली हवी आहे, नंबर :’ असा निरोप तयार यावा. यामुळे त्याचे टंकन वाचते आणि आपल्याला तो कोणत्या पानावरून आला ते विनासायास कळते. असे निरोप आणि त्यांतून झालेली विक्री एका साध्या वहीत महिनाभर लिहा. मगच संकेतस्थळाने किती कमावून दिले, यावर घरात बोला.

आता त्या ७८ जणांकडे येऊ. ‘चेकआउट सुरू केले’ आणि ‘खरेदी झाली’ यांच्यामध्ये निदान दोन पायऱ्या आणखी असतात : पत्ता व पाठवणीचा प्रकार भरणे, आणि पैसे देण्याची पद्धत निवडणे. ॲनालिटिक्समध्ये या दोन्ही पायऱ्यांसाठी ठरावीक नावांच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि त्या बसवल्या की ‘चेकआउट जर्नी’ या अहवालात प्रत्येक पायरीवर किती जण उरले ते दिसते. आपण पाठवलेल्या आकड्यांत त्या नाहीत. त्या बसवून घेणे हे माझ्या मते आपले पहिले काम आहे. लोक पत्त्याच्या पायरीवर गळत असतील, तर नोंदणीची सक्ती, न येणारा ओटीपी, नको तितके रकाने किंवा पिनकोड न स्वीकारणारा फॉर्म यांवर संशय घ्यावा. पाठवणीचा खर्च दिसल्यानंतर गळत असतील, तर कारण जवळजवळ स्पष्टच आहे. शेवटच्या क्षणी वाढलेला खर्च हेच कार्ट सोडण्याचे सर्वांत जास्त वेळा सांगितले जाणारे कारण आहे. अशा वेळी कुरिअरचा खर्च चपलेच्या पानावरच, किमतीच्या खाली, पिनकोड टाकून पाहता येईल असा ठेवावा. तोच खर्च आधी कळला तर गिऱ्हाइकाला तो पटतो. शेवटी कळला तर त्याला फसवल्यासारखे वाटते. आणि पैसे देण्याच्या पायरीवर लोक गळत असतील, तर तांत्रिक अडचण की विश्वासाचा प्रश्न, हे शोधावे लागेल.

त्यासाठी एक काम आपण घरीच करावे. घरातला सर्वांत साधा मोबाइल घ्यावा, वायफाय बंद करावे, इन्स्टाग्राम उघडावे, आपल्याच पोस्टमधल्या दुव्यावरून संकेतस्थळावर जावे आणि एक जोड खरोखर पैसे देऊन विकत घ्यावा. इन्स्टाग्रामच्या आत जे पान उघडते ते त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये असते आणि तिथून यूपीआयच्या ॲपकडे जाताना किंवा परत येताना वाट अडखळते की काय, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कळत नाही. हीच खरेदी एकदा मराठीतून, एकदा कन्नडमधून करावी. पुष्कळ संकेतस्थळांवर चपलेची माहिती मराठीत असते आणि चेकआउटला पोहोचताच सगळे एकदम इंग्रजीत होते. सासूबाईंच्या वयाच्या गिऱ्हाइकाचा हात तिथेच थांबतो.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल आपण काही लिहिलेले नाही. ती सोय नसेल, तर नव्या, अनोळखी संकेतस्थळावर आधी पैसे भरायला लोक कचरतात हे खरे. पण ती सोय सरसकट दिली की पार्सले न स्वीकारता परत येतात आणि जाण्या-येण्याचा दुहेरी खर्च आपल्यावर पडतो. म्हणून ती आधी ठरावीक पिनकोडांपुरती द्यावी, पार्सल पाठवण्यापूर्वी एक फोन करून ऑर्डर पक्की करावी आणि यशाचा आकडा ‘किती ऑर्डर आल्या’ असा न धरता ‘किती जोड गिऱ्हाइकाकडे राहिले’ असा धरावा. चपलेच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे, कारण नंबर चुकल्यामुळे परत आलेला जोड ॲनालिटिक्समध्ये विक्री म्हणूनच मिरवत राहतो.

नंबरचा विषय निघाला आहे, तर दुसऱ्या मोठ्या गळतीकडे वळतो. १,५०० जणांनी चप्पल पाहिली आणि १३० जणांनीच ती कार्टमध्ये टाकली. पाहणाऱ्यांतले बहुतेक नुसते पाहायलाच आलेले असतात, त्यामुळे या गळतीने घाबरण्याचे कारण नाही. परंतु या पानावर काय कमी आहे ते मला अंदाजाने सांगता येते. नवी कोल्हापुरी सुरुवातीला आवळते आणि पाच-सात दिवसांच्या वापरानंतर पायाप्रमाणे बसते, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. बेंगळुरूच्या किंवा नाशिकच्या पहिल्यांदाच घेणाऱ्या तरुणाला ते माहीत नसते. कागदावर पाऊल ठेवून, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून नंबर कसा ठरवावा, हे चित्रासह सांगणारा तक्ता प्रत्येक पानावर द्यावा, आणि त्या तक्त्यावर किती जणांनी क्लिक केले याची नोंद ठेवावी. तक्ता पाहिलेल्यांपैकी किती जण कार्टपर्यंत गेले आणि न पाहिलेल्यांपैकी किती गेले, ही तुलना ॲनालिटिक्सच्या ‘एक्सप्लोर’ विभागात सहज करता येते. तळाचा, वेणीचा, कानांचा जवळून घेतलेला फोटो हवा, आणि पायात घातलेल्या चपलेचा हवाच हवा. कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असेल, तर तेही तिथेच लिहावे. किंमत जास्त का आहे, या न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

आणखी एक अडचण केवळ आपल्या सीमाभागाच्या वाट्याला आलेली आहे. संकेतस्थळाच्या तळाशी ‘निपाणी, जि. बेळगाव, कर्नाटक’ असा पत्ता वाचून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या मनात ‘ही खरी कोल्हापुरी आहे का?’ असा प्रश्न येत असणार. त्याचे उत्तर आपल्या बाजूने आहे आणि ते आपण ठळकपणे सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांना संयुक्तपणे मिळाले असून त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. निपाणीत आणि अथणीत बनलेली चप्पल कायद्यानेही कोल्हापुरीच आहे. मानांकनाचे बोधचिन्ह वापरायचे असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर करून घ्यावी. मग हा मजकूर दोन ओळींत चपलेच्या किमतीजवळ ठेवून पाहावा आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे कार्टचे प्रमाण बदलते का, ते पाहावे. मला वाटते, ते बदलेल.

आता आपल्या ६२ टक्के ‘एंगेजमेंट रेट’विषयी, म्हणजे गुंतलेल्या भेटींच्या प्रमाणाविषयी. या आकड्याचा अर्थ ‘लोकांना आवडते’ असा होत नाही. गूगलच्या व्याख्येनुसार जी भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा जीत दोन पाने पाहिली गेली, किंवा जीत आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, ती गुंतलेली भेट. यांपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. पान उघडायला वेळ लागला म्हणून थांबून राहिलेला माणूसही त्यात मोजला जाऊ शकतो. त्याचप्रमाणे जास्त वेळ म्हणजे चांगले, असेही सर्वत्र नसते : चपलेच्या पानावर कोणी दोन मिनिटे रमला तर ती आनंदाची गोष्ट आहे, पण पत्त्याच्या फॉर्मवर कोणी दोन मिनिटे अडकला असेल तर ती तक्रार समजावी. हा आकडा सगळ्या संकेतस्थळाचा मिळून पाहण्याऐवजी कुठून आलेले लोक गुंततात आणि कुठून आलेले लगेच जातात, एवढ्यापुरताच वापरावा.

२०२५ च्या जून-जुलैचे कोडे त्यानेच सुटते. त्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावरून देशभर चर्चा झाली. आपल्याकडे आलेल्या गर्दीत कुतूहलाने शोधत आलेले लोक बहुसंख्य असावेत. ‘कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय’ असे विचारत आलेला माणूस त्याच दिवशी विकत घेत नाही. त्या काळातले शोधशब्द आपल्याला गूगल सर्च कन्सोल या साधनात पाहता येतात, मात्र तिथे १६ महिन्यांपुरतीच माहिती राहते, त्यामुळे उशीर करू नये. बातमीमुळे आलेली गर्दी ओसरली म्हणजे आपले काही चुकले, असे मानण्याचे कारण नाही.

ऋतूंचेही तसेच आहे, आणि इथे ॲनालिटिक्सपेक्षा घरातल्या दिनदर्शिकेवर जास्त भरवसा ठेवावा. पावसाळ्यात कातड्याची चप्पल कोणी घेत नाही, तेव्हा जुलैची तुलना मेशी करणे व्यर्थ आहे. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी, तर सण सरकतात : गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. शिवाय २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन मोसमात लग्ने थांबतात आणि लग्नासाठी होणारी खरेदी पुढे-मागे होते. आलेख खाली गेलेला दिसेल. त्याचे कारण संकेतस्थळात शोधत बसू नये.

यापुढची गोष्ट थोडी गणिताची आहे, पण ती समजून घेतल्यास आपले पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील. महिन्याला १२ विक्री ही संख्या फार लहान आहे. एवढ्या लहान संख्येत काहीही न बदलता पुढच्या महिन्यात ६ किंवा १८ विक्री झाली, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. म्हणून ‘बटणाचा रंग बदलला आणि विक्री दीडपट झाली’ असे कोणी दाखवले, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. अर्ध्या लोकांना पानाचे एक रूप आणि अर्ध्यांना दुसरे दाखवून तुलना करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात खरेदीचे प्रमाण आजच्या ०.५ टक्क्यांवरून (२,४०० पैकी १२) १ टक्क्यावर गेले हे खात्रीने म्हणण्यासाठीसुद्धा दोन्ही बाजूंना मिळून सुमारे साडेनऊ हजार लोक लागतात. आपल्या वेगाने चार महिने. प्रमाण ०.५ वरून केवळ ०.६ झाले, हे सिद्ध करायला तर पावणेदोन लाखांच्या आसपास लोक, म्हणजे सहा वर्षे लागतील. मोठ्या कंपन्यांना परवडणारी ही पद्धत आपण शेवटच्या विक्रीवर वापरू नये. त्याऐवजी ज्या पानावर बदल केला, त्याच्या लगतची पायरी मोजावी. चपलेच्या पानावर नंबरचा तक्ता दिल्यानंतर कार्टमध्ये टाकणाऱ्यांचे प्रमाण आजच्या ८.७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांपर्यंत गेले की नाही, हे साधारण महिना-सव्वा महिन्याच्या भेटींतही समजू शकते. एका वेळी एकच बदल करावा, तो कोणत्या तारखेला केला ते वहीत लिहावे, आणि नजरेत भरणारेच बदल करावेत. बारीकसारीक सुधारणा मोजण्याची आपली ऐपत अजून नाही.

आकडे लहान असण्याचा एक लाभही आहे. ७८ माणसे म्हणजे महिन्याला ७८ कारणे, आणि एवढी कारणे एक माणूस नीट समजून घेऊ शकतो. मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी हे साधन विनामूल्य आहे. त्यात गिऱ्हाइकाने पानावर कुठे बोट लावले, कुठे रागाने पुनःपुन्हा टिचक्या मारल्या आणि कुठून परत फिरला, याचे चित्रण पाहता येते. आठवड्यातून एकदा, चेकआउट सोडून गेलेल्या दहा-पंधरा भेटींचे चित्रण सासरे किंवा दीर यांच्यासह पाहावे. आकडा माणूस कुठे थांबला ते सांगतो. का थांबला ते अशा पाहण्यातून आणि विचारण्यातूनच कळते. ज्यांनी खरेदी पूर्ण केली त्यांनाही फोनवर एवढेच विचारावे : ‘घेण्याआधी कोणत्या गोष्टीने मन मागे-पुढे झाले होते?’ खरेदी केलेला माणूस या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने देतो, आणि जे अडथळे त्याने पार केले तेच इतरांनी पार केलेले नसतात.

हे करताना गिऱ्हाइकाची खासगी माहिती जपणे आपले कर्तव्य आहे. नाव, फोन नंबर, ईमेल यांपैकी काहीही ॲनालिटिक्सकडे जाऊ देऊ नये. गूगलच्या अटींमध्येच त्याला मनाई आहे. क्लॅरिटीत संवेदनशील मजकूर झाकण्याची सोय असते, ती चालू आहे याची खात्री करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असे म्हटले आहे की, माहिती घेण्याविषयीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची निवड गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे. मराठी आणि कन्नड या दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. आपले संकेतस्थळ तीन भाषांत आहेच. ही सूचनाही तिन्ही भाषांत, साध्या शब्दांत ठेवावी.

भाषेच्या आणि गावाच्या अहवालांबाबत एक सावधगिरी. ॲनालिटिक्स गाव ओळखते ते इंटरनेट पत्त्यावरून, आणि मोबाइल डेटावर असलेला निपाणीचा किंवा खानापूरचा माणूस पुष्कळदा बेंगळुरूचा म्हणून दिसतो. भाषा ओळखते ती ब्राउझरच्या मांडणीवरून, आणि मराठी वाचणाऱ्या बहुतेकांचे मोबाइल इंग्रजीत असतात. या दोन अहवालांवर विसंबून ‘आपले गिऱ्हाईक बेंगळुरूचे आणि इंग्रजी वाचणारे आहे’ असा निष्कर्ष काढला, तर मराठी पाने उगाचच दुर्लक्षित राहतील. खरे गाव ऑर्डरच्या पिनकोडवरून कळते आणि खरी भाषा माणसाने निवडलेल्या पानावरून. मराठी पानांवरून किती जण चेकआउटपर्यंत गेले आणि कन्नड पानांवरून किती, हा तक्ता त्या दोन्ही अहवालांपेक्षा मोलाचा आहे.

जाहिरात संस्थेच्या सूचनांपैकी उलट्या मोजणीचे घड्याळ मी साफ नाकारावे म्हणेन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांत १३ प्रकार दिले असून खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला एक आहे. शून्यावर येऊन पुन्हा सुरू होणारे घड्याळ हे त्याचेच उदाहरण. सहा नंबरचा खरोखर एकच जोड उरला असेल तर तसे जरूर लिहावे, ते सत्य आहे. पान उघडताच येणारा सवलतीचा पॉप-अपही नको. चप्पल पाहण्याआधीच किंमत कमी करणाऱ्याच्या मालाविषयी शंका येते, आणि हाताने बनवलेल्या जोडात दहा टक्के सोडण्याइतका नफा आपल्यापाशी असतो असेही मला वाटत नाही.

दोन लहान कामे याच आठवड्यात उरकावीत. ॲनालिटिक्समध्ये तपशीलवार माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते. ती मुदत १४ महिन्यांवर न्यावी, कारण पुसली गेलेली माहिती नंतर परत मिळत नाही. आणि पानांवरचे फोटो हलके करून घ्यावेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्स या विनामूल्य साधनात आपले पान टाकले की तो पाळला जातो की नाही ते कळते.

जाहिरातीचा विचार चेकआउटची गळती लागोपाठ दोन महिने कमी झालेली दिसल्यावर करावा. तेव्हाही एकदम दुप्पट न करता थोड्या रकमेने, मराठीतून, कोल्हापूर-सांगली-पुण्यापुरती सुरुवात करावी. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवरचे गट, प्रदर्शनात वाटलेला क्यूआर कोड, या प्रत्येकासाठी दुव्याच्या शेवटी वेगळी यूटीएम खूण जोडावी. नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले लोक ‘डायरेक्ट’ या एकाच खात्यात जमा होतात आणि कोणत्या पैशाने कोण आले ते समजत नाही. मग महिन्याअखेरीस जाहिरातीचा खर्च गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या जोडांवर वाटावा. कुरिअर आणि परताव्याचा खर्च वजा जाता एका जोडामागे जे उरते, ते व्यापाऱ्याला दिलेल्या जोडामागे उरणाऱ्या रकमेशी घरातल्या सर्वांसमोर ताडून पाहावे. ते अधिक असेल, तरच ती जाहिरात पुढच्या महिन्यात चालू ठेवावी.